अमावास्येची यादी

नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की घरातली बाकी मंडळी सुट्ट्या शोधतात, मी अमावास्या शोधते. अमावास्येला प्रवासाला निघू नये, नवं काम काढू नये, तिन्हीसांजेनंतर उगाच बाहेर राहू नये, हे सगळं ऐकतच मी मोठी झाले. आणि आता नेमकी त्याच दिवशी दुर्बीण गाडीत घालून घाटाकडे निघते. चंद्राचा नखाएवढा तुकडा जरी आकाशात असला, तरी मला हवं असलेलं बरंचसं पुसलं जातं. तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका: हौशी निरीक्षक ज्यांना एकत्रितपणे ‘डीप स्काय’ म्हणतात, ती सगळी मंडळी काळोखाची. त्यांची भेट अमावास्येच्या आगेमागेच होते.

या मंडळींची सर्वांत प्रसिद्ध यादी पॅरिसमध्ये बसून शार्ल मेसिए यांनी केली, आणि ती त्यांना टाळण्यासाठी केली. मेसिए धूमकेतूंच्या मागावर असत. १७५८ साली एका धूमकेतूचा पाठलाग करताना वृषभेच्या शिंगाजवळ त्यांना एक अंधूक डाग दिसला. धूमकेतू रात्रीगणिक सरकतो. हा डाग जागचा हलेना. असे फसवे डाग पुन्हा वेळ खाऊ नयेत म्हणून त्यांनी त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. १७८१ पर्यंत ती १०३ वर गेली, पुढे इतरांनी भर घालून ११० केली. तो पहिला डाग, एम १, म्हणजे १०५४ साली चिनी निरीक्षकांनी भरदिवसा पाहिलेल्या एका स्फोटाचे अवशेष. त्याच्या पोटात सेकंदाला तीस गिरक्या घेणारा एक मृत तारा आहे. ज्याला अडगळ म्हणून बाजूला काढलं, त्यावर पुढच्या पिढ्यांनी अख्खी आयुष्यं घालवली.

मीही मेसिए यांचीच यादी वापरते. पण आवडीनिवडीचा प्रश्न आला की पॅरिसचा अक्षांश माझ्या कामाचा नाही. पॅरिस ४९ अंश उत्तरेला, पुणे साडेअठरावर. तिथून जे क्षितिजावर कधी आलंच नाही ते त्यांच्या यादीतही आलं नाही. शिवाय त्यांच्या आकाशाला आपल्यासारखे चार महिने झाकण पडत नव्हतं. माझ्या आवडत्या खगोलवस्तूंचा क्रम या अक्षांशाने आणि मोसमी पावसाने लावलेला आहे, आणि तो मी अमावास्यांच्या नावानेच लक्षात ठेवते.

वेळ अमावास्या मृगाची. औशाजवळ माझ्या मावसबहिणीचं शेत आहे. मार्गशीर्ष अमावास्येला तिकडे गावंच्या गावं रानात असतात. कडब्याची खोप, तिच्यात पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. दिवस कलला की बहुतेक मंडळी गावाकडे वळतात. आम्ही मागे थांबतो, कारण त्या काळ्या रानात दूरदूरपर्यंत दिवा नसतो आणि नऊच्या सुमाराला मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो. एकदा शेजारच्या वस्तीवरचे एक आबा काय चाललंय ते बघायला आले. त्यांना मी पट्ट्यातले तीन तारे दाखवून विचारलं, “आबा, हे ओळखता का?”

“तिकांडं हाय की ते. रातच्या पाळीला पाणी द्याया जायचो, तवा ह्येच आमचं घड्याळ.”

हाच मृग, असं सांगितल्यावर मात्र त्यांचा विश्वास बसेना. “मिरग? मिरग तर पावसाचा. थंडीत कुठनं आला?” त्यांचं बरोबरच होतं. शेतकऱ्याचा मृग म्हणजे जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्रात जातो तो पंधरवडा. आणि सूर्यच तिथे असल्यामुळे त्या दिवसांत मृगाचे तारे दिसणं शक्य नसतं. ज्याच्या नावाने पेरणी व्हायची ते नक्षत्र बघायचं तर सहा महिने थांबून थंडीतच बघावं लागतं. हे ऐकून आबा जरा वेळ वर बघत राहिले, मग आयपीसला डोळा लावला.

“काय बी न्हाई.” 

मी म्हटलं, घाई करू नका, डोळा काढू नका. खूप वेळ ते वाकून उभे होते. मग म्हणाले, “धूर हाय.” आणखी थोड्या वेळाने: “धुरात चार दिवे हायत. बारके.”

याहून नेमकं वर्णन मी कुठल्याही निरीक्षण-मार्गदर्शकात वाचलेलं नाही. त्यांनी पाहिलेला एम ४२ हा तेजोमेघ सुमारे १,३४० प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्याच्या गाभ्यातले ते चार तारे फार तर दहा-वीस लाख वर्षांचे. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे ते अजून पाळण्यातही नीट बसलेले नाहीत. आजूबाजूचा सगळा वायू त्यांच्याच अतिनील प्रकाशाने उजळलेला आहे. दिवे आधी लागले आणि धूर त्यांच्यामुळे दिसला, हा क्रम आबांना न सांगताही कळल्यासारखा होता.

फोटोंमध्ये हा तेजोमेघ गुलाबी-लाल असतो. डोळ्याला तो तसा दिसत नाही. अंधारात काम करणाऱ्या आपल्या दृष्टिपेशींना लाल रंग जवळजवळ कळतच नाही. आठ इंची दुर्बिणीतून, चांगल्या रात्री, मध्यभागी एक फिकट हिरवट झाक येते. त्या हिरव्या प्रकाशाने एके काळी शास्त्रज्ञांची झोप उडवली होती. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाच्या प्रकाशाचं पृथक्करण केलं, तेव्हा हिरव्या भागात अशी रेषा मिळाली की जी पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग नवं मूलद्रव्य कल्पून त्याला ‘नेब्युलियम’ नावही दिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की तो आपला साधा ऑक्सिजन आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि इतक्या विरळ अवस्थेतला, की तशी पोकळी प्रयोगशाळेत सहजासहजी साधत नाही. मला एम ४२ इतका प्रिय असण्याचं निम्मं कारण ती हिरवट झाक आहे. किती जणांना ती दिसते ते मी मोजलेलं नाही. पण ज्यांना दिसते ते एकदम आवाज करतात, एवढं खरं.

माझी दुर्बीण डॉब्सोनियन पद्धतीची आहे. नळी, आरसा आणि लाकडी पेटीसारखी बैठक. मोटर नाही, संगणक नाही. हाताने ढकलायची, ताऱ्यावरून ताऱ्यावर जात जायचं. ही सोपी रचना लोकप्रिय करणारे जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होते. मठात राहून चोरून आरसे घासायचे, दुर्बिणी करून आजूबाजूच्या मुलांना आकाश दाखवायचे. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला आणि पुढचं आयुष्य त्यांनी फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्यांना बोलावण्यात घालवलं. आज जगभरच्या हौशी मंडळींना मोठा आरसा परवडतो, त्याला ते फार मोठं कारण आहेत. आठ इंची आरसा नुसत्या डोळ्याच्या सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो. पण उरलेलं काम डोळ्यालाच करावं लागतं. अंधारात अर्धा तास मुरल्याशिवाय तो तयार होत नाही, एक मोबाइल उजळला की सगळी मेहनत वाया. आणि फिकट गोष्टीकडे थेट बघायचं नसतं. बुबुळाच्या नेमक्या मागच्या भागात अंधाराच्या पेशी नसतात, त्या कडेला असतात. म्हणून नजर जरा बाजूला ठेवायची, लक्ष मात्र मध्यावर. नजर एकीकडे आणि मन दुसरीकडे, ही एरवी बेशिस्त समजली जाणारी गोष्ट इथे रियाजाने कमवावी लागते.

फाल्गुनातली अमावास्या तर हौशी लोकांचा सणच. मार्च-एप्रिलच्या काही रात्री सूर्य अशा जागी असतो की मेसिए यांच्या जवळजवळ सगळ्या ११० खगोलवस्तू संध्याकाळ ते पहाट या एका रात्रीत बघता येतात. याला ‘मेसिए मॅरेथॉन’ म्हणतात. १९७० च्या दशकात ही कल्पना रुजली. आपल्याकडे ती रात्र साधारण गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीच येते, हा योग मला फार आवडतो. मिनेतली एक दीर्घिका संधिप्रकाशात बुडायच्या आत पकडायची इथपासून, मकरेतला एक गुच्छ उजाडायच्या आत उगवतो का बघायचं इथपर्यंत पळापळ. मॅरेथॉनचा मला मोह नाही. पाच मिनिटांत बघून पुढे सरकावं असं त्या यादीत काहीच नाही. पण मध्यरात्रीसाठी मी थांबते. तेव्हा कन्या रास जवळजवळ डोक्यावर असते आणि तिच्या वरच्या भागात आयपीस नुसतं फिरवलं तरी एकामागून एक दीर्घिका येत राहतात. एम ८४, एम ८६, त्यांच्या शेजारून वाकत गेलेली रांग. प्रत्येक म्हणजे एक फुंकर घातल्यासारखा डाग. त्या सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहेत. आम्ही बसतो ते तोरण्यापलीकडचं पठार सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टचं. तो लाव्हा थंड झाला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या सुमाराला. म्हणजे माझ्या डोळ्यात शिरणारा प्रकाश तिकडून निघाला तेव्हा माझ्या पायाखालचा हा कातळ तयार होऊन कोटभर वर्षं उलटली होती. कोटींचे आकडे मला एरवी कधी जाणवत नाहीत. कातळावर हात ठेवून आयपीसमध्ये बघताना दोन कोटींमधली तुलना तरी करता येते.

याच महिन्यांत घाटात राब भाजतात, कुठे वणवेही लागतात. धुराचा एक तपकिरी थर दक्षिणेला क्षितिजावर बसून राहतो आणि माझा जीव तिथेच अडकलेला असतो.

कारण माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट दक्षिणेलाच आहे. चैत्र ज्या ताऱ्यावरून ओळखला जातो ती चित्रा चैत्र अमावास्येच्या रात्री अकराच्या सुमाराला दक्षिणेला ऐन मध्यावर येते. तिथून नजर सरळ खाली आणायची. हात लांब केला तर जवळजवळ पावणेदोन वीत. क्षितिजापासून साधारण २४ अंशांवर एक पुसट तारा दिसतो, जरा फुगीर, टोक नसलेला. टॉलेमीने त्याची तारा म्हणूनच नोंद केली, १६०३ मध्ये बायर यांनीही ताऱ्यासारखंच त्याला ओमेगा हे अक्षर दिलं. १६७७ मध्ये तरुण एडमंड हॅली सेंट हेलेना बेटावर गेले होते, तेव्हा हा तारा नसून दुसरंच काही आहे हे त्यांच्या लक्षात आलं. नरतुरंगातला हा ओमेगा म्हणजे आपल्या आकाशगंगेतला सगळ्यांत मोठा, सगळ्यांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ. सुमारे १७,००० प्रकाशवर्षं दूर, साधारण एक कोटी तारे. आकाशात त्याचा विस्तार पौर्णिमेच्या चंद्राएवढा भरतो.

कमी शक्तीच्या आयपीसमध्ये तो आधी नुसता पांढुरका गोळा असतो. मग शक्ती वाढवायची आणि थांबायचं. कडेपासून सुरुवात होते. एक दाणा सुटतो, मग दहा, मग कडा नावाची गोष्टच राहत नाही, गोळा आतपर्यंत फुटत जातो. क्षितिजाजवळची हवा हेलकावत असते, त्यामुळे तारे एकदा दिसतात, विरतात, पुन्हा दिसतात. हवा एखाद्या क्षणी स्थिर झाली की मध्यभागापर्यंत सगळेच्या सगळे टोकदार उभे राहतात. तो क्षण सेकंदभराचा असतो, पण त्या सेकंदासाठी मी आयपीसपाशी तासभर बसते आणि मला ते अजिबात जास्त वाटत नाही. शौरीतला एम १३ उत्तरेकडच्या पुस्तकांत सर्वांत सुंदर गुच्छ म्हणून मिरवतो. १९७४ मध्ये अरेसिबोहून मानवजातीचा रेडिओसंदेशही त्याच्याच दिशेने पाठवला गेला. मी एम १३ ला नाव ठेवत नाही. पण ओमेगा बघितल्यावर एम १३ बघायला मन तयार होत नाही, आणि ज्यांनी ती पुस्तकं लिहिली त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगणातून ओमेगा उगवतच नाही.

ओमेगा मुळात गुच्छही नसावा. त्यातले तारे एका वयाचे नाहीत, त्यांच्या रासायनिक घडणीत फरक आहे. फार पूर्वी आपल्या आकाशगंगेने एक लहान दीर्घिका गिळली आणि तिचा न पचलेला गाभा म्हणजे हा ओमेगा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हबल दुर्बिणीच्या वीसेक वर्षांतल्या प्रतिमा पडताळून २०२४ मध्ये संशोधकांनी मध्यभागी अतिवेगाने धावणारे सात तारे शोधले. ते गुच्छातून निसटून जात नाहीत, याचा अर्थ त्यांना धरून ठेवणारं, निदान ८,२०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर तिथे असलं पाहिजे. माझ्या आयपीसमध्ये यातलं काहीच नाही. तरी त्या मध्यावर नजर ठेवताना हे ठाऊक असणं आणि नसणं यात फार फरक पडतो. ज्ञानाने सौंदर्य कमी होतं असं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत झाले नाही.

तिथून जरा वर, जेमतेम साडेचार अंशांवर, सेंटॉरस ए ही दीर्घिका. सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आतबाहेर. आधी एक गोल डाग दिसतो. मग, धूर नसेल तर, त्याच्या मधून गेलेला काळा पट्टा दिसतो. तो धुळीचा आहे, दुसऱ्या एका दीर्घिकेला सामावून घेतल्याची खूण. १८२६ मध्ये ऑस्ट्रेलियातून जेम्स डनलॉप यांनी तिची नोंद केली. राब लवकर भाजून झाले आणि एखादा वळीव धूर धुऊन गेला, तर वैशाखातली अमावास्या या दोघांसाठी चैत्रापेक्षाही बरी.

मग ढग. वृश्चिकाची नांगी आणि धनू, जिथे आपल्या आकाशगंगेचा गाभा आहे, संध्याकाळच्या सोयीच्या वेळी दक्षिणेला वर येतात ते नेमके आषाढ-श्रावणात. आपल्या देशातल्या निरीक्षकांचं हे जुनं दुःख. या दुःखाचा वडील म्हणावा असा माणूस फ्रेंच होता. गियोम ल जांती यांनी तरुणपणी, १७४७ मध्ये, धनूतला एम ८ हा तेजोमेघ नोंदला. दोन वर्षांनी देवयानी दीर्घिकेच्या शेजारची एम ३२ ही छोटी दीर्घिका शोधली. पुढे शुक्राचं अधिक्रमण बघायला ते पाँडिचेरीला निघाले. १७६१ मध्ये युद्धामुळे पोचूच शकले नाहीत, डोलणाऱ्या जहाजावरून बघण्याचा उपयोग नव्हता. पुढच्या अधिक्रमणासाठी ते आठ वर्षं पूर्वेतच थांबले. ४ जून १७६९ ला, पाँडिचेरीत, ऐन वेळी ढग आले. त्यानंतर शुक्र १८७४ पर्यंत सूर्यावरून जाणार नव्हता. पावसाळ्यात आरसा कोरड्या डब्यात बंद करताना मला ल जांती आठवतात आणि तक्रार करायला तोंड राहत नाही.

आकाश पुन्हा उघडतं ते भाद्रपदाच्या शेवटी, सर्वपित्रीला. सकाळी दारात पान वाढलेलं असतं. संध्याकाळी पश्चिमेकडे झुकलेल्या अभिजितच्या जवळ, स्वरमंडलातल्या दोन ताऱ्यांच्या बरोबर मधे मी एम ५७ शोधते. लहानसं, करड्या रंगाचं, मधे पोकळ कडं. सूर्यासारखा एक तारा म्हातारा होऊन मेला, त्याने जाताना बाहेर टाकलेला हा वायू. १७७९ मध्ये मेसिए आणि तुलूझचे आंत्वान दार्किए या दोघांनी तो पाहिला. अडीच हजार प्रकाशवर्षांवरचं हे कडं अजून पसरतंय. काही हजार वर्षांत विरून जाईल आणि त्यातला कार्बन, नायट्रोजन पुढच्या कुठल्यातरी ताऱ्यांच्या वाट्याला येईल. आपल्या सूर्याचंही अब्जावधी वर्षांनी हेच होणार आहे. सर्वपित्रीला हे बघावं असं मला कुणी सांगितलेलं नाही. वडील गेल्यापासून मी ते चुकवलेलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला शहरात धुराशिवाय काही नसतं, म्हणून देवयानी दीर्घिका बघायला गाव सोडावं लागतं. नुसत्या डोळ्याने दिसणारा तो डाग ९६४ साली इराणात अल-सूफी यांनी ‘लहानसा ढग’ म्हणून टिपला. तो आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा आहे हे कळायला ऑक्टोबर १९२३ उजाडावा लागला, एडविन हबल यांना त्यात एक रूपविकारी तारा सापडला तेव्हा. अंतर २५ लाख प्रकाशवर्षं. दर वर्षी तो डाग शोधायला थोडं आणखी लांब जावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो. रस्त्यावर दिवे हवेतच, पण वरच्या बाजूला झाकण नसलेला दिवा निम्मा प्रकाश ढगांना देतो, त्यात कुणाचंच भलं नाही. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या सुरुवातीला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ही मान्यता मिळाली. आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलून ती मिळाली. जे पेंचला जमलं ते आमच्या पठाराकडच्या वेल्ह्याला, औशाला का जमू नये?

सर्वपित्रीबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी धनू रास अजून नैर्ऋत्येला असते. वर्षातला हाच थोडा काळ, जेव्हा एम ८ जेवायच्या आधी, मुलं जागी असताना बघता येतो. एरवी त्याच्यासाठी फाल्गुनात पहाटे चारला उठायचं. म्हणून त्या दिवशी पठाराखालच्या वाडीतल्या मुलांना मी मुद्दाम बोलावते. गेल्या खेपेला एक चौथी-पाचवीतली मुलगी पाटावर उभी राहून बघत होती. बाकीच्यांनी “दिसलं, दिसलं” म्हणून पटापट जागा सोडली होती. ही हलेना. मागची मुलं ढकलायला लागली.

“काकू, उजेडाच्या मधून एक काळी रेघ गेलीय.”

तिला मी नजर बाजूला ठेवायला सांगितलं नव्हतं, रेघेचं तर नावही काढलं नव्हतं. एम ८ च्या मधून धुळीचा काळा पट्टा जातो, आणि तो मला दिसायला दोन हंगाम जावे लागले होते.

“रेघेच्या कुठल्या बाजूला तारे जास्त आहेत?” मी विचारलं.

“थांबा, सांगते,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.